गयामावशी आणि आतली सूज

गयामावशी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. ती कोपराच्या आतल्या बाजूला, रक्त काढायच्या शिरेकडे बघते. आमच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरचं लग्न होतं, सिडकोतल्या मंगल कार्यालयात. बाकीच्या बायका नवरीचा शालू बघत होत्या, गळ्यातलं खरं की खोटं याचा अंदाज घेत होत्या. मावशी स्टेजवर गेली, नवरीचा हात हातात घेतला, जरा उलटा केला, आणि खाली येऊन माझ्या कानात म्हणाली, "चांगली हाय पोरगी. एका टोच्यात सापडंल." नवरी दिसायला कशी होती हे तिला त्या दिवशीही सांगता आलं नसतं.

मी त्या दवाखान्यात कंप्युटरवर आकडे भरायच्या कामाला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला रीतसर नाव सांगितलं. ती म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे. हात दाव." दोन बोटांनी दाबून बघितलं. उजवा नापास झाला. डाव्यावर जरा विचार करून म्हणाली, "पळपुटी हाय, पर सापडंल." तेव्हापासून मी पळपुटी. व्हरांड्याच्या त्या टोकाला मी असले आणि या टोकाला ती, तर दोनशे पेशंटांदेखत "ए पळपुटी" अशी हाक यायची आणि मला ओ द्यावी लागायची. मला वाईट वाटायचं, पण एकदा मेडिकल सुपरिंटेंडेंटसाहेबांना तिने 'दोरखंड' म्हटलेलं ऐकलं आणि मग माझी तक्रार राहिली नाही.

ती आयाबाई म्हणून लागली आणि बघून बघून रक्त काढायला शिकली. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर गोंदण, अंगावर पांढरा कोट आणि त्याच्या खिशात तंबाखू सोडून सगळं. बाप मेंढरं राखायचा. मेंढीची पापणी उलटी करून तो सांगायचा, ही चार दिवसांची सोबती आहे, विकून टाका. मावशी म्हणायची, "बापानं मेंढीच्या पापणीत जे बघितलं ते मी माणसाच्या नसंत बघते. फकस्त इकायचं कुणाला नाय." शिकाऊ डॉक्टर तीन-तीनदा टोचून रडकुंडीला आले की तिला बोलवायचे. ती यायची, डोळे मिटायची, बोट फिरवायची आणि पेशंटला कळायच्या आत नळी भरलेली असायची.

आमचं काम एका संशोधनाचं होतं. पीसीओएस हे नाव आता कॉलेजातल्या पोरीही सहज घेतात. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी ते पहिल्यांदाच ऐकत होत्या. बीजकोशात बारीक गाठी, पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी चार, हनुवटीवर राठ केस, काही केल्या न उतरणारं वजन आणि दिवस राहायला उशीर. हे सगळं दिसणारं. हे संशोधन करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना कुतूहल होतं ते न दिसणाऱ्या गोष्टीचं. त्या सांगायच्या की या बायकांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बारीकशी सूज असू शकते. ती दुखत नाही, खुपत नाही, पण वर्षानुवर्षं राहिली तर पुढे हृदयाला त्रास देते. या बायकांना मधुमेहाची एक जुनी, साधी गोळी देतात, कारण त्यांच्या अंगात इन्सुलिन असतं पण ते नीट कामाला लागत नाही. गोळीने पाळी मार्गी लागायला मदत होते, एवढं ठाऊक होतं. ती आतली सूजही उतरते का, हे बघायचं होतं. म्हणून गोळी सुरू करायच्या आधी एकदा रक्त, तीन महिन्यांनी एकदा, सहा महिन्यांनी एकदा. रक्त मावशी काढणार आणि आकडे मी भरणार.

मावशीला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिचा अपमानच झाला. पंचवीस वर्षं ती नसांवर बोट ठेवून होती. "नसंला सूज येती आन मला मालूम नाय?" मॅडम म्हणाल्या, मावशी, ती बोटाला कळत नाही, आणि तुम्ही टोचता ती शीर वेगळी, आम्ही म्हणतो ती धमनी वेगळी. मावशीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातून दोनशे पानी वही घेऊन आली. प्रत्येक बाईचं रक्त काढायच्या आधी ती डोळे मिटून शिरेवर बोट ठेवायची आणि मोठ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात निकाल लिहायची. मऊ. राठ. फुगीर. एका बाईच्या नावापुढे तर 'रुसलेली' असं होतं.

तीन महिन्यांनी मलाच राहवेना. मशीनचे आकडे एका बाजूला आणि मावशीची वही दुसऱ्या बाजूला ठेवून मी एका दुपारी गुपचूप पडताळा घेतला. काहीही जुळत नव्हतं. तिची 'मऊ' मशीनच्या लेखी सर्वांत सुजलेली होती आणि 'राठ' ठणठणीत. मी तिला ते सांगितलं. मला वाटलं, आता मशीनचा उद्धार होणार. तसं काही झालं नाही. तिने वहीची पानं मागेपुढे उलटली आणि ती म्हणाली, "मंग माझ्या बोटाला काय लागत व्हतं?" हा प्रश्न तिने पुढचे आठ दिवस डोक्यात ठेवला. जेवताना, हात धुताना, मध्येच थांबून स्वतःचं मनगट दाबायची. नवव्या दिवशी सकाळी येऊन म्हणाली, "तहान व्हती गं ती."

तिचं बरोबर असणार. ती दुष्काळाची वर्षं होती. शहर बीड बायपासच्या पलीकडे वाढत चाललं होतं, रोज नवी स्कीम, नवा टॉवर, गच्चीवर पाण्याच्या टाक्या रांगेने, आणि नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी तर कधी आठव्या. खेड्यातून येणाऱ्या बायका पहाटे टँकरच्या रांगेत उभ्या राहून, मग जीपमध्ये कोंबून घेऊन आमच्यापर्यंत यायच्या. उपाशी यायला सांगितलंय म्हणून पाण्याचा घोटही घेतलेला नसायचा. मावशी म्हणायची, "दुष्काळात नसाबी आटत्यात." तिने घरून पाच लिटरचा कॅन आणायला सुरुवात केली. स्वतःच्या घरी पाणी नसताना. आलेल्या बाईला आधी दोन पेले पाणी, मग हात.

पण पाण्याच्या बाबतीत जेवढी ती उदार, तेवढीच खाण्याच्या बाबतीत फौजदार. रक्त उपाशीपोटीच हवं, नाहीतर सगळे आकडे फुकट. तिची उलटतपासणी ऐकण्यासारखी असायची.

"काय खाल्लं?"

"काय नाय."

"चहा?"

"चहा तेवढा घेतला."

"बिस्कीट?"

"दोन."

"मिसरी लावली?"

इथे बाई खाली बघायची. मावशी तिला सरळ परत पाठवायची, उद्या ये म्हणून. "चहा म्हंजी खाणं. मिसरी म्हंजी खाणं. सासूची बोलणी सोडून सगळं खाणंच असतंय." बायका तिला टरकून असायच्या. शेजारच्या टेबलावर मॅडम शांतपणे, छापील मराठीत, गोळी जेवणानंतर घ्या, सुरुवातीला मळमळेल, त्रास झाला तर कळवा, असं सांगत असायच्या. ते कुणाच्या कितपत कानात शिरत होतं, देव जाणे.

ज्योतीच्या कानात शिरलं नाही. ती तेवीस-चोवीस वर्षांची, शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. सासर करमाडच्या अलीकडे. लग्नाला चार वर्षं झाली होती. मावशीची ती फार लाडकी, कारण तिची शीर सरळ आणि ठसठशीत होती. "अशी नस लाखात एक," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा हात दाखवून सांगायची आणि ज्योती लाजून पदर सावरायची. घरी तिने काही सांगितलं नव्हतं. कंपनीची तपासणी आहे म्हणून यायची. गोळ्या ट्रंकेत, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवायची.

मावशीचा धाक तिने इतका मनावर घेतला की दवाखान्याचं जे काही असेल ते उपाशीपोटीच करायचं, असं तिने पक्कं ठरवून टाकलं. पहाटे उठून, आंघोळ करून, नेमाने ती रिकाम्या पोटी गोळी घ्यायची. पहिल्या महिन्यांत कसंबसं निभावलं. तिसऱ्या महिन्यानंतर मॅडमनी गोळी वाढवली आणि पोरगी रोज सकाळी घराच्या मागे जाऊन ओकाऱ्या काढायला लागली. त्रास होतोय हे तिने आम्हाला कळवलं नाही. तिला वाटलं, औषध लागू पडतंय.

सासूला वेगळंच वाटलं. चार वर्षं जी वाट बघितली ते झालं, असं तिला वाटलं. तिने चिंच आणली, कैऱ्या आणल्या, नणंदेला निरोप धाडला. टँकरवर सुनेला जाऊ देईना, घागर उचलू देईना. त्या दुष्काळात तिने सुनेला आंघोळीला रोज भरलेली बादली द्यायला सुरुवात केली आणि स्वतः तांब्याभर पाण्यात भागवायला लागली. ज्योतीने खरं सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. मला विचाराल तर मीही सांगितलं नसतं. मग एके दिवशी पाळी आली. सासूने ट्रंक उघडली, पाकिटं काढली आणि करमाडच्या मेडिकलवर दाखवली. दुकानदार म्हणाला, ही शुगरची गोळी.

ज्योतीचा मला फोन आला तो मंगळवारी. सहाव्या महिन्याचं रक्त द्यायला ती येऊ शकणार नव्हती. गोळ्या चुलीत गेल्या होत्या. शुगरवाली पोरगी फसवून गळ्यात मारली आणि वर पोटुशी असल्याचं सोंग केलं, असं सासूचं म्हणणं होतं. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. रविवारी ज्योतीचे वडील तिला न्यायला येणार होते, कायमचं.

मी मावशीला सांगितलं. ती स्टुलावर बसली. "जेवल्यावर गोळी घे म्हणून म्यां तिला कवा सांगितलं का गं?" मी म्हटलं, ते तुझं कामच नव्हतं, मॅडमनी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मॅडमचं कोण ऐकतंय. माझं ऐकत्यात." हे खरं होतं, आणि म्हणूनच ती त्या दिवशी जेवली नाही.

मॅडमनी ज्योतीला फोन करून तिची परवानगी घेतली आणि आम्हाला शनिवारी सकाळी तिच्या घरी जाऊन रक्त आणायला सांगितलं. एकच ताकीद दिली. ज्योतीच्या आजाराबद्दल घरच्यांशी आपण एक अक्षर बोलायचं नाही. बोललीच तर ती स्वतः बोलेल. मावशीने ती ताकीद दोनदा म्हणवून घेतली. रस्ताभर ती बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. शिरांबद्दल एक शब्द नाही. मला तिची काळजी वाटायला लागली.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. सासू ओट्यावर बसून सुपात ज्वारी निवडत होती. मावशीच्याच वयाची असेल. आम्ही उभ्या राहिलो तर बसा म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही. ज्योती दारामागे होती, तिच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. सासू म्हणाली, रक्तबिक्त काही द्यायचं नाही, उद्या बापाच्या घरी गेल्यावर काय ते काढा. मी पिशवीतून मॅडमची चिठ्ठी काढायला लागले. मावशीने मला थांबवलं आणि न विचारता ओट्याच्या कडेला बसली.

"तुमच्या सुनंचं मी काय सांगणार नाय. मला तसा हुकूम नाय. माझं सांगते."

आणि तिने सांगितलं. दीड वर्ष मी तिच्याबरोबर एका खोलीत काम करत होते, डबा वाटून खात होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. फर्दापूरजवळच्या एका गावात तिला दिलेली होती. पाळी मनाला येईल तेव्हा यायची. हनुवटीवर केस यायचे, ते ती गोठ्यात बसून राखेने उपटायची. सात वर्षं देवऋषी झाले, झाडपाला झाला, नवस झाले. आठव्या वर्षी नवऱ्याने दुसरी बायको केली आणि ही गाठोडं घेऊन शहरात आली. "तवा या आजाराला नाव नव्हतं, बाई. म्हंजी एकच व्हतं. वांझ."

सासूचा हात सुपात थांबला. तिने विचारलं, "दुसरीला झाली लेकरं?"

मी मनात म्हटलं, मावशी, आता खोटं बोल. मावशी म्हणाली, "झाली. दोन."

मला वाटलं, संपलं. सासूही तशीच बघत होती. मावशी पुढे म्हणाली, "तिला हा आजार नसंल. मला असंल. का नसंल बी. आता कुठली मशीन सांगू शकत नाय, मी मॅडमला इचारून बसले. वय गेलं माझं. ही गोळी शुगरवाल्यांची हाय, पर शुगर नसलेल्या बायांना बी देत्यात. लेकरू व्हईलच असं मी म्हणणार नाय. मला ती कुणी दिली नाय, एवढंच."

मग दारामागून ज्योती बाहेर आली. ती सासूला मामी म्हणायची. "मामी, मला तेच हाय. शुगर नाय."

"मंग मला का सांगितलं नाय?"

"तुमी बादली भरून देत व्हता," ज्योती म्हणाली. "सांगावं वाटंना."

सासूने सूप बाजूला ठेवलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. पदराने तोंड पुसलं आणि उगाच अंगणात आलेली कोंबडी हाकलली. मग मावशीकडे न बघता म्हणाली, "जेवणाच्या आधी घ्यायची का नंतर?"

"नंतर," मावशी म्हणाली. "पोटभर जेवल्यावर. तिनं उपाशी घेतली ते माझ्यामुळं. माझ्या तोंडामुळं. मला माफी द्या."

सासू आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ज्योतीने हात पुढे केला. मावशीने आधी त्यातलं अर्धं पाणी तिला पाजलं आणि मग नळी भरली. रविवारी ज्योतीचे वडील आले, जेवले आणि एकटेच परत गेले, हे तिने मला सोमवारी फोन करून सांगितलं. संशोधनाचं म्हणाल तर काही बायकांची सूज उतरलेली दिसली, काहींची जागची हलली नाही. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, अजून खूप बायका आणि खूप वर्षं लागतील.

त्या शनिवारी परत येताना आम्हाला काळीपिवळीत मागची सीट मिळाली. जालना रोडला दोन्ही बाजूंना प्लॉट पाडलेली कोरडी शेतं होती आणि मधून टँकर पळत होते. मावशीने ज्योतीची नळी बर्फात नीट उभी आहे ना, ते दोनदा उघडून बघितलं. मला मावशीच्या त्या नवऱ्याचा राग येत होता, ज्याला मी कधी बघितलं नव्हतं. मी विचारलं, तो आता कुठे असतो.

"हितंच की. मुकुंदवाडीला. तीन महिन्याला येतोय आपल्याकडं."

"आपल्याकडे कशाला?"

"शुगर निघाली त्याला. हीच गोळी खातोय. रक्त तपासायला येतोय."

"आणि काढतं कोण?"

"मीच. दुसरी खिडकी मोकळी असली तरी माझ्याच रांगंत उभा ऱ्हातोय."

"बोलतो का काही?"

"काय बोलंल. सुईला लई भितोय. डोळे गच्च मिटून बसतोय."

मला इतका संताप आला की मी म्हटलं, चांगली जाडजूड सुई लाव त्याला. मावशी हसली. डबा मांडीवर सरळ केला.

"लहान लेकरांची बारीक सुई असती ना, त्यातली एक त्याच्यासाठी बाजूला ठेवते," ती म्हणाली. "दुखत नाय तिनं. रक्त यायला येळ लागतो जरा. तेवढा येळ माझ्यासमोर बसतो."